देवाला नोटीस, आम्हाला हातोडा

न सांगता दुसऱ्याच्या आयुष्यात घुसण्याचा हक्क या मुंबईत फक्त दोघांना आहे, रस्ता खोदणाऱ्यांना आणि आमच्या वरच्या काकांना. त्यातले रस्ता खोदणारे निदान पावसाळ्यात दम घेतात. वरच्या काकांना बारा महिने सारखेच. मुलुंडला आमच्या जुन्या इमारतीत मी लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी डोक्यावर धाड धाड सुरू झालं आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नकोस, काका उठले वाटतं." नोकरीतून निवृत्त झालेली माणसं गीता वाचतात, बागेत फिरतात. काका लादी उखडत. कधी मोरीची, कधी ओट्याखालची, कधी नुकतीच बसवलेली, कारण ती म्हणे पाय पडला की बोलत होती.

आता तोडफोड करणारे काय कमी असतात? पण काकांचं वेगळेपण असं, की ते काम रीतसर कळवून करत, फक्त देवाला. माणूस मालवणकडचा. छिन्नी लावण्याआधी उघड्या खिडकीशी नारळ घेऊन उभे राहायचे आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, आज तुझा लेकरू मोरीची लादी फोडूक घेता हा, काय चुकला-माकला तर सांभाळून घे रे म्हाराजा!" मागून काकी म्हणायच्या, "व्हय म्हाराजा." की पडलाच घाव. देव कोकणात, आम्ही बरोबर खाली, तरी खबर आधी त्याला. ते 'व्हय म्हाराजा' ऐकलं की मी धावत जाऊन कपाटावरची बरणी उतरवायची, एवढीच आम्हाला मिळणारी पूर्वसूचना.

एकदा त्यांनी गच्चीवरचा पाण्याचा कॉक बंद केला तेव्हा मी डोक्याला भरपूर शॅम्पू लावून नळाखाली उभी होते. नळाने एक उचकी दिली आणि संपलं. तशीच टॉवेल गुंडाळून, डोळे चोळत वर गेले, भांडायचंच ठरवून. काकींनी दार उघडलं, मला न्हाणीघरात नेलं, बादलीभर ऊन पाण्याने माझे केस स्वतः धुतले आणि समोर घावन ठेवले. तोंडात घावन असताना कसलं भांडण होतंय? तरी मी म्हटलंच, "काका, एक दिवस आधी सांगितलं तर काय बिघडेल हो तुमचं?" काका पान्याने पाइप आवळत म्हणाले, "अगो बाय, आदी सांगितला असता तर काल रातीपासून तळमळत ऱ्हवली असतस. आता आवाज आसा तोवरच तरास." मी आणखी एक घावन पानात ओढला.

शेवटी मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आणि फलकावर सूचना लावल्याशिवाय कोणी काम काढायचं नाही असा ठराव झाला. काकांनी तो मनापासून पाळला. त्याच आठवड्यात संध्याकाळी सुंदर अक्षरात सूचना लागली, 'आज सकाळी आमचेकडे लादीचे काम झाले आहे.' सेक्रेटरींनी डोक्याला हात लावला. मी हसून हसून जिन्यातच बसले.

मग इमारत पुनर्विकासाला गेली. या वेळी सगळं अगदी नियमानं, मी आयुष्यभर मागितलं तसं. कितीतरी महिने आधी प्रत्येक दारावर नोटीस चिकटली. आणि माझं छत गप्प झालं. सकाळ होई, कुकर लागे, पण वरून साधी टकटक नाही. न राहवून एक दिवस वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने वर गेले, तर काका सैल झालेल्या लादीवर पाय ठेवून बसले होते. लादी डुगडुगत होती आणि ते तिला हात लावत नव्हते. म्हणाले, "म्हयनोम्हयने आदी सांगान कोण तोडता गो? रोज सकाळी उठान वाचूचा." मला फार वाईट वाटलं. साखर घ्यायचीही विसरले.

घर रिकामं करायच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून, पाहुण्यासारखे अवघडलेले. "उद्या सकाळी वायच आवाज येतलो," ते म्हणाले, "देवाची फळी भिंतीतसून काढूची हा. तुका आदी सांगतंय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला नाही. काकांचं बरोबर होतं.

सकाळी आवाजाची वाट न बघता वर गेले. घरात खोके, भिंतीवर नुसती फळी. काकांनी नारळ धरला. "बा देवा म्हाराजा, इतकी वर्सा ह्या घरात तोडफोड केलंय, तू सांभाळलंस. खालच्या माझ्या चेडवान, माझ्या लेकीन पण सांभाळून घेतल्यान. आता जंय जातलव, थंय पण लक्ष ठेव रे म्हाराजा." एवढं म्हणून ते थांबले. काकींनी पदर तोंडाला लावला होता, त्यांच्याकडून शब्द फुटेना. काका तसेच उभे.

मग मीच म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि काकांनी हातोडा उचलला.