तापीच्या डोहातले केळीचे खांब

सावद्याला एस.टी.तून उतरलो तेव्हा वादळाला आठवडा झाला होता. दुतर्फा केळीच्या बागा घडांसकट एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या. वादळानंतर तापीचं पाणी तपासायला आमच्या कॉलेजने मला पुण्याहून पाठवलं होतं. नलिनी चार दिवस आधीच आली होती. ती माझी एम.एस्सी.ची सोबतीण, आता त्याच विभागात शिकवणारी आणि कायम माझ्या एक पाऊल पुढे.

नदीकाठच्या गावात जो तो विचारी, "तुम्ही ताईंचे मदतनीस का?" मासेमारी करणाऱ्या आत्माराम नानांकडे जेवलो. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. नानांच्या पत्नी अक्कांनी तुपाची वाटी आधी नलिनीपुढे सरकवली. एवढंही मला खुपलं.

मोडलेले खांब (केळीची खोडं) लोकांनी गावाजवळच्या नदीच्या डोहात लोटले होते. मी भर दुपारी वरवरचं पाणी बाटलीत घेऊन तपासलं. प्राणवायू भरपूर होता. नलिनी मात्र पहाटेपासून गुडघाभर पाण्यात दगड उलटत होती.

"एकाही दगडाखाली पाणकिड्यांची जिवंत अळी नाही," ती शाळेच्या ओट्यावर जमलेल्या लोकांना म्हणाली. "खांब कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतायत, डोह गुदमरतोय. खांब बाहेर काढा."

तिचं खरं होतं. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, पहाटे तो सर्वांत कमी असतो, हे मीच वर्गात शिकवतो. तरीही मी बाटली उंचावली. "पाणी उत्तम आहे. उगाच घाबरू नका."

माणसं घरी गेली. नलिनीने माझ्या हातातली बाटली घेऊन तिच्यावर लिहिलेली दुपारची वेळ वाचली.

तिसऱ्या दिवशी उजाडताच नाना हाका मारत आले. "भाऊ, मासे वर येऊन तोंड वासून राह्यले!" डोहावर पांढरी पोटं तरंगत होती. नाना रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही शिकेल मानसं. तुमचं ऐकलं आम्ही."

मग गाव बैल आणि दोरखंड घेऊन उतरलं. मी छातीभर पाण्यात उभा राहून कुजक्या, बुळबुळीत खोडांना दोर बांधत होतो. तिथेच नलिनीला सांगितलं, "मला तेव्हाच माहीत होतं."

"मलाही कळलं होतं," ती दोर ओढत म्हणाली. "अहवालात लिहिशील?"

लिहिलं. ती मागे राहिली, मी भुसावळहून गाडी पकडली. महिन्याने तिचं पत्र आलं: डोहाचं पाणी सावरतंय, नाना मात्र अजून जाळं घेऊन नदीच्या वरच्या अंगाच्या गावी जातात.

वाचून आनंद झाला. खरं सांगायचं तर तो नंतर झाला. आधी वाटलं, हे पत्र मी लिहायला हवं होतं.