वाफ्याची कड

लॉनला कड कसली लावायची, या एका प्रश्नात माझा अर्धा हिवाळा गेला. ऐकणाऱ्याला हसू येईल. अंगात त्राण असतं तर मलाही आलं असतं.

निवृत्तीनंतर आम्ही कोल्हारला घर बांधलं. पुढे लॉनचा अरुंद पट्टा आणि त्याला लागून शेवंती-निशिगंधाचा वाफा. लॉन म्हणजे तरी काय, हरळीच. दोन वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून डावा पाय नीट उचलत नाही, बाहेरून अर्धा वळसा घेऊन पुढे येतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज गवतावर अनवाणी चालायचं. चालणं थांबलं की पाय गेलाच समजा." म्हणून रोज सकाळी हे वाफ्याच्या कडेनं चालायचे आणि मी मागे, हात पुढे करून, पण न लावता. हात लावलेला यांना खपत नाही.

हरळीला मात्र कुणी बजावलं नव्हतं. ती गुपचूप वाफ्यात शिरायची आणि शेवंतीची मुळं धरून बसायची. यांच्या गोळ्या, पथ्याचा स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, धुणं, आणि वर दर आठवड्याला खुरपं घेऊन जमिनीवर बसायचं. बसणं जमायचं, उठणं जमत नव्हतं.

गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, "बाई, तिरक्या विटा पुरू, टोकं वर ठिवून. वरून गेरू मारा. लई भारी दिसतं, आन् हरळी एक बोट बी म्होरं यायची न्हाई." दुसरा मार्ग शहाबादी फरशीच्या पट्टीचा, जमिनीशी सपाट. तिला यांचा पाय अडकला नसता, पण हरळी तिच्यावरून खुशाल चालत गेली असती आणि माझं खुरपं काही सुटलं नसतं. लेकीनं पुण्याहून मोबाईलवर फोटो पाठवले. कडेनं फावड्यानं कापलेला नुसता चर, मोठा देखणा. मला त्या चरात मुरगळलेला पाय तेवढा दिसला.

फरशीच हवी, हे मला कळत होतं. यांनाही विचारलं. म्हणाले, "विटाच लाव. डोळे शाबूत आहेत माझे, दिसतात मला विटा." मी ते वाक्य घट्ट धरलं. यांनीच सांगितलं म्हटल्यावर माझ्यावर काही येत नाही, असा तो हिशेब. दमलेल्या माणसाला असली कारणं फार लवकर पटतात.

विटा लागल्या. "आता तू मागे येऊ नकोस. विटांची ओळ धरून मी बरोबर चालतो, तू चहा टाक," हे म्हणाले. मी चहा टाकला. आणि आत स्वयंपाकघरात बसून निवांत प्यायले. आठवड्याभरात वळणावरची एक वीट वाफ्याच्या अंगाला कललेली दिसली. आमची माती काळी, ओल गेली की भेगाळते, भिंतीसुद्धा हलवते. मी वीट ठोकून सरळ केली. चार दिवसांनी पुन्हा तीच वीट. मातीला दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा ठोकली.

मग यांचं सुरू झालं. आज दव फार आहे, आज गारठा आहे. खुर्ची टाकून ओट्यावर बसू लागले. एरवी मी भांडले असते. पण भांडायलाही उठून उभं राहावं लागतं.

महिन्याभरानं तपासणीला गेलो. डॉक्टरांनी यांचा मोजा काढला, तर डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. थंडीमुळे दिवसभर पायात मोजे, आणि ते एका हातानं स्वतःच घालायचा यांचा हट्ट, म्हणून मी पाय पाहिलाच नव्हता.

"हे कशानं झालं?"

"पलंगाला लागलं."

"आणि चालणं?"

"रोज. ही असते ना मागे."

डॉक्टरांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी मान खाली घातली. वीट मातीनं हलवलेली नव्हती.

परतताना रिक्षात विचारलं, "खोटं का बोललात?"

हे बाहेर पाहत म्हणाले, "महिनाभर तू खुरप्याला हात लावला नाहीस. दुपारची झोपतेस हल्ली. घोरतेससुद्धा, चांगली." आणि वर, "विटा राहू देत."

विटा मी दुसऱ्याच दिवशी उपटल्या. गवंड्याकडून फरशी बसवून घेतली. खुरपं परत हातात आलं, आणि यांचं चालणंही हळूहळू परत येतंय. पण रिक्षात ते "राहू देत" ऐकलं तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं. वाईट नंतर वाटलं. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.