सुपारीवरचा कोळसा

तुमची आजी कशाने गेली? आणि आजोबांची बहीण? चुलत आत्या? घरची म्हैस कोणत्या दुखण्याने गेली हे तुम्ही पटकन सांगाल. घरातल्या बाईचं विचारलं की मात्र तुम्ही म्हणाल, "वय झालं होतं." मी आयुष्यभर लोकांचे जबाब नोंदवले आहेत. "वय झालं होतं" हा मी ऐकलेला सर्वांत खोटा जबाब आहे.

हे मला पहिल्यांदा कळलं ते सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा फौजदार. शाळेत असल्यापासून चावडीवर येणारी समाजसुधारणेची पत्रकं पाठ करून मोठा झालेला. जग सुधारायला माझ्या खाकी गणवेशाची फक्त इस्त्री व्हायची बाकी आहे, अशी माझी समजूत होती. दत्तजयंतीच्या यात्रेचा बंदोबस्त माझ्याकडे आला. बाजाराच्या कडेला एक राहुटी ठोकली होती, तीच चौकी. आत एक टेबल, दोन बाकं, आणि हाताखालचे एक हवालदार. चहा पाजल्याशिवाय गुन्हा उघडकीस येत नाही असं त्यांचं मत होतं, आणि चहा नेहमी संशयिताच्या खर्चाने.

यात्रेत तक्रारी ठरलेल्या. खिसा कापला, पोर हरवलं, घोड्याचं वय खोटं सांगितलं. त्या दिवशी आलेली तक्रार वेगळी होती. तक्रारदार तापीकाठच्या एका गावचे बडे बागायतदार. केळी, ऊस, कापूस. सगळा परगणा त्यांना बापू म्हणायचा.

"साहेब, आम्हना गावमा एक बाई येल शे. मुंबईनी," बापू म्हणाले. "बायासले वसरीमा बसाडस. सुपाऱ्या मांडस, हयकुंड मांडस, आनि कोन्हा कोन्हावर कोयसा ठेवस. ती करनी करी ऱ्हायनी."

हवालदारांनी चटकन गळ्यातला ताईत चाचपला. माझं डोकं तापलं. करणीचं कलम माझ्या पुस्तकात नव्हतं आणि माझ्या मनात तर मुळीच नव्हतं.

"काही नुकसान झालंय?" मी विचारलं.

"अजून नही."

"मग तिला अटक करायची का?"

"नही, नही. धरू नका. बस, परत धाडी द्या मुंबईले."

ते गेल्यावर मी विचारात पडलो. करणीला खरोखर घाबरलेला माणूस मांत्रिक गाठतो, पोलिस नाही. पोलिसांकडे आलाच, तर "फोडून काढा" म्हणतो. ज्याला फक्त समोरचा माणूस गावातून नाहीसा व्हायला हवा असतो, त्याच्या स्वतःच्या घरात काहीतरी झाकलेलं असतं. पण बाईला बोलावणं भाग होतं.

बाई स्वतःच आल्या. जाड भिंगाचा चष्मा, पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. मुंबईच्या एका रुग्णालयात डॉक्टर होत्या. हवालदारांनी पिशवी टेबलावर ओतायला लावली. सुपाऱ्या, हळकुंडं, कोळशाचे तुकडे. त्यांनी एकालाही हात लावला नाही. पंच म्हणून शेजारच्या जिलेबीवाल्याला आणला आणि पंचनामा सुरू केला.

"बाई, हाई काय शे?" हवालदारांनी लांबूनच विचारलं.

"सुपारी म्हणजे पुरुष. हळकुंड म्हणजे बाई. घरातल्या बायकांपुढे कागद धरला की त्यांची तोंडं बंद होतात. सुपारी हातात दिली की त्या स्वतःच मांडतात. ही सासू, हा दीर, ही नणंद. आणि जो गाठीच्या रोगानं गेला, त्याच्यावर कोळसा."

"गाठीचा रोग म्हणजे?"

"कर्करोग. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा दिसतो. का, ते अजून कुणाला नीट ठाऊक नाही. रक्तातून काहीतरी पुढं जातं, एवढा आमचा अंदाज आहे. म्हणून आधी घरं शोधायची."

एवढ्यात कटकन आवाज झाला. जिलेबीवाल्याने कंटाळून टेबलावरची एक सुपारी तोंडात टाकली होती.

"थांबा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "ते कुणाचे तरी आजोबा होते."

जिलेबीवाला धावत बाहेर जाऊन थुंकला. हवालदार मात्र हट्टाला पेटले. या बाईचं ऐकून सगळं खरं मानायचं, तर पोलिसाची नोकरी कशाला? बाई म्हणाल्या, "तुमचंच घर मांडा. बघा काही होतं का." ताईत धरून हवालदार मांडायला बसले. आई, वडील, काका, सासरा. मग त्यांनी कोळसा उचलला आणि सासऱ्यावर ठेवला.

"गाठ होती?"

"नही. दारू."

"मग कोळसा नको."

त्यांनी तो उचलला आणि मोठ्या समाधानाने सासूच्या हळकुंडावर ठेवला.

"त्या कशानं गेल्या?"

"ती कोठे गयी? जित्ती शे. धुळाले ऱ्हास."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायला, असं मला वाटतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"फौजदारसाहेब, तुमचं आणि माझं काम एकच आहे. माणूस कसा मेला हेच दोघं विचारतो. तुम्ही विचारता, कुणी मारलं. मी विचारते, आता कुणाची पाळी आहे."

"आणि कुणाची आहे?"

"त्या गावची एक बाई आमच्याकडे आली होती. फार उशिरा. जाताना म्हणाली, आईचंही असंच झालं. म्हणून मी आले. आता त्या गावात एक तरुण बाई आहे. तिच्या छातीत गाठ आहे. मी हातानं तपासली. अशा पुष्कळ गाठी साध्या असतात, पण ही मला साधी वाटत नाही. लवकर कापली तर वाचेल. कोण ते सांगणार नाही. तिनं विश्वासानं दाखवली आहे."

मी बरंच दटावलं. कलमं सांगितली. बाई ढिम्म. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त आदर वाटला.

नाव मला हवालदारांच्या चहातून मिळालं. चहावाला बापूंच्या गावचा. तो म्हणाला, बापूंच्या धाकट्या मुलीची सुपारी यात्रा संपली की फुटणार. म्हणजे लग्न पक्कं होणार. थोरली त्यासाठीच सासरहून आली आहे, पण "तोंड उतरेल शे तिनं." बापूंची बहीण अलीकडेच मुंबईला गेली आणि परत आली नाही. कशाने गेली? चहावाला म्हणाला, "वय व्हई गयं व्हतं." ती बापूंपेक्षा धाकटी होती.

बस. मला सगळं दिसलं. घरात गाठीचा रोग आहे हे बाहेर गेलं असतं, तर धाकटीची सुपारी फुटली नसती. म्हणून थोरलीची गाठ झाकायची होती आणि ती शोधणारी बाई मुंबईला धाडायची होती. एका मुलीच्या लग्नासाठी दुसरीचा जीव. मी टोपी घातली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन बाजारात निघालो. वाटेत मनात एक जळजळीत भाषण तयार केलं.

बापू एका काळ्याभोर घोडीपुढे उभे होते. जावयासाठी असावी. विकणारा राज्याच्या सीमेपलीकडचा जुना सौदागर. बापूंनी घोडीचं तोंड उघडून दात पाहिले. चारी पाय उचलले. अंगावरचे केसांचे शुभ-अशुभ भोवरे बोटाने शोधले. मग चौकशी सुरू झाली.

"हिनी माय कशी मरनी?"

"बुढ़ापे से, बापू."

"आनि मायनी माय?"

"वो भी बुढ़ापे से."

"बाप? बापले काही खोड व्हती? बापनी खोड पोरीमा उतरस, मी दखेल शे."

सौदागर वैतागला. त्याने बापूंकडे बघून हात जोडले.

"बापू, घोडी ले रहे हो, या रिश्ता कर रहे हो? मेरी बेटी के ससुराल वालों ने भी इतना नहीं पूछा."

सगळा बाजार हसला. बापूही हसायला गेले, आणि त्यांची नजर आमच्यावर पडली. हसू अर्ध्यावरच राहिलं.

मी त्यांना घोड्यांच्या मागच्या बाजूला, कडब्याच्या गंजीआड नेलं. थोरली मुलगी जवळच बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होती. आम्हाला पाहून तीही मागोमाग आली. मी भाषणाला तोंड फोडलं. घोडीची आजी कशाने मेली हे विचारणारा माणूस स्वतःच्या आईबद्दल गप्प राहतो, हा समाज, ही रूढी, वगैरे.

"फौजदारसाहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाषण नंतर." आणि बापूंना त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या आईनं गाठ केव्हा सांगितली?"

बापूंनी गंजीतली एक काडी ओढून काढली.

"तिनी सांगंच नही. शेवटली आंघोय घालताना बायासले समजनं."

"आणि बहिणीनं?"

"तिनी सांगं." त्यांनी काडी मोडली. "मी म्हनं, तुन्हा पोरनं लगीन व्हई जाऊ दे. मंग दखसूत."

पलीकडे सौदागर दुसऱ्या गिऱ्हाइकाला घोडीच्या आजीचं म्हातारपण सांगत होता.

"पन बाई," बापू म्हणाले, "हाई तं मन्ही माय नी बहीणनं दुखनं. मन्ही पोरले कसं? मी तं धडधाकट शे."

"तुम्हीच आत्ता सौदागराला सांगितलंत," बाई म्हणाल्या. "बापाची खोड पोरीत उतरते. बाप स्वतः धडधाकट असला तरी. दोष तुमचा नाही. कुणाचाच नाही. झाकलं तर मात्र आहे."

बापूंनी पागोट्याच्या शेवाने तोंड पुसलं. तेवढ्यात थोरली पुढे झाली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"बापू, मी जासू मुंबईले. लगीन मोडनं तं मोडनं."

बापूंनी घोडी घेतली नाही. दुसऱ्याच दिवशी तापी ओलांडून, दोंडाईच्याहून रेल्वेने ते मुलीला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन निघाले. जाण्याआधी होणाऱ्या व्याह्यांच्या घरी गेले आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून आले. व्याह्यांनी लग्न मोडलं. आठवड्याभराने चौकीत केळ्यांचा भला मोठा घड आला. धाकटीने पाठवला होता. तिला तो मुलगा मुळीच पसंत नव्हता, पण विचारतो कोण? हवालदारांनी घड ताब्यात घेतला आणि संध्याकाळपर्यंत मुद्देमाल नष्ट केला.

माझ्या अहवालावर वरिष्ठांचा शेरा आला: तक्रार निराधार हे मान्य, परंतु जप्त सुपाऱ्यांपैकी एक कमी का? मी खरं ते लिहिलं. पंचाने खाल्ली. पुढे बरीच वर्षं तालुक्यात मला त्या सुपारीवरून ओळखत.

थोरलीची गाठ तीच निघाली. शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. पुढे बदली होऊन मी पुन्हा त्या भागात आलो, तेव्हा ती त्याच बाजारात बापापेक्षा चढ्या आवाजात घोड्याचा भाव पाडत होती. बापूंच्या बहिणीची मुलगी मात्र सासरच्यांनी उशिरा पाठवली. ती वाचली नाही. घर तेच, रोग तोच. फरक फक्त कुणी केव्हा सांगितलं याचा होता.

मी चोर पकडले, दरोडेखोर पकडले. त्यांच्यापैकी कुणीही माणूस इतक्या सभ्यपणे मारला नाही, जितक्या सभ्यपणे आपण घरातल्या बायका मारतो. आवाज न करता, लग्नाच्या तारखा सांभाळून. आणि वर जबाब देतो, "वय झालं होतं." तेव्हाच्या डॉक्टरांचा जो अंदाज होता, तो आता शास्त्राने पक्का केला आहे. काही घरांत हा रोग रक्तातून उतरतो, बापाकडूनही उतरतो. उतरतोच असं नाही. पण ज्या घरात कोळसे पडले आहेत, तिथल्या मुलींनी वेळेवर तपासून घेतलं तर पुष्कळ जणी वाचतात. एवढं कळूनही जो झाकतो, त्याला मी अजूनही संशयित समजतो.

म्हणून एक काम करा. घरात सगळे जमतील तेव्हा मूठभर सुपाऱ्या आणि हळकुंडं घ्या. आपलं घर मांडा. आईकडचं मांडा, बापाकडचंही मांडा. कोण कशाने गेलं ते म्हाताऱ्या बायकांना विचारा, आणि "वय झालं होतं" हे उत्तर लिहून घेऊ नका. आईकडच्या किंवा बापाकडच्या एकाच बाजूला दोन कोळसे पडले, तर त्या घरच्या मुलींना डॉक्टरांकडे न्या. सून नाकारण्यासाठी यातलं काही वापरलंत, तर मी निवृत्त असलो तरी तुमच्या दारात येईन. लग्नाची सुपारी नंतर फोडा. आधी ही मांडा. फक्त शेजारी जिलेबीवाला बसवू नका.