आक्काच्या पाटल्यांची मोटार

आमची आक्का देवाला नमस्कारही रागावूनच करायची. आधी निरांजन नीट पेटत नाही म्हणून वातीवर, मग वात वळणाऱ्या माझ्या आईवर आणि शेवटी समोर नुसता बसून राहिलेल्या देवावर. "बसलाय बघ कसा डोळं वटारून!" असं त्याला सुनावलं की मग तिचे हात जोडले जायचे. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी ती कंग्राळीचं सासर सोडून निपाणीला आमच्याकडे आली आणि घराच्या वाटचं सगळं रागावणं तिनं एकटीनं अंगावर घेतलं. आम्हाला तिची भीती कधी वाटली नाही. ती गप्प बसली की मात्र घरातली माणसं पाय न वाजवता चालायची.

तिला सगळ्यात जास्त राग वाहनांचा. दारात छकडा थांबो की टांगा, आक्का बाहेर येऊन त्याच्याभोवती एक फेरी मारायची आणि विचारायची, "ह्यात माणूस आडवं हुतंय का?" टांगेवाले हसायचे. त्यांना ठाऊक नव्हतं. तिची एकुलती एक लेक सोनू तापानं फणफणली असताना निपाणीहून बैलगाडीतून बेळगावला न्यायला काढली होती. गाडीत तंबाखूची बोचकी, पोरगी आईच्या मांडीवर अर्धवट बसलेली. तवंदीच्या घाटात बैल अडले आणि सोनू तिथंच गेली. तिच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या आक्काच्या ट्रंकेत तशाच होत्या.

आईला पुन्हा दिवस गेले तेव्हा आक्कानं त्या पाटल्या काढून मोटारीसाठी म्हणून आप्पांसमोर ठेवल्या. माझ्या वेळी आई मरता मरता वाचली होती, आणि वाचवणारी डॉक्टरीण बेळगावला. आमची तंबाखूची वखार लहान, नवीन मोटारीचं नाव काढायची सोय नव्हती. जुनी एखादी मिळाली तर बघावी असं आप्पा नुसतं बोलत होते. "ऐक रं," आक्का म्हणाली, "दार लागाय पायजे. टपातनं पाणी गळाय नको. मागं बाई निजली तर पाय आखडाय नकोत. आणि तवंदीचा घाट न थांबता चढाय पायजे. रंग कसला बी असंना." जुनी गाडी कशी निवडावी हे मी पुढं पुष्कळ शहाण्यांकडून ऐकलं. याहून जास्त कुणी काही सांगितलं नाही.

आप्पा बेळगावला गेले ते सोबत कुणाला घेऊन? तर आमचे बैल ज्यांनी पारखून दिले होते त्या तात्यांना! कॅम्पात बदली झालेल्या एका साहेबाची बंद मोटार विकायला होती. काळी, ठेंगणी, दिसायला पेटीसारखी, पण मागची बैठक खाटेएवढी. साहेबाची मडम त्यातून पोरंबाळं घेऊन आंबोलीला जाऊन यायची. दुसरी मोटार एका जहागीरदाराची. उघडी, तांबडी, पुढं चांदीसारखा चकाकणारा भोंगा. तात्यांनी बाजारातल्या खोंडाभोवती फिरावं तशी तिच्याभोवती फेरी मारली, पुढून रुंदी बघितली, पाठीवर थाप मारली. "छाती बघा हिची!" म्हणाले. मग भोंगा वाजवून आवाज ऐकला आणि झाली परीक्षा. मागं कुणी निजून बघितलं नाही. घाटाचं नाव कुणी काढलं नाही. बंद गाडी का नको, तर आप्पांचं म्हणणं, "आत कोण बसलंय ते लोकांस्नी कसं कळायचं?" हे वाक्य आप्पांनी स्वतःच घरी येऊन कौतुकानं सांगितलं. इतकी वर्षं झाली, आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

तांबडी गाडी दारात आली. अवघडलेली आई ओवाळायला तबक घेऊन उभी राहिली. आक्कानं नेहमीची फेरी मारली, मागच्या अरुंद बैठकीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाळंतीण कुठं निजायची रं? भोंग्यावर?"

"आक्का, लोकं बघत्यात," आप्पा हळूच म्हणाले.

"बघू देत की. त्यासाठीच आणलीयास न्हवं?"

लोकांनी खरंच बघितली. आमच्या भागात ज्याच्या दारात मोटार त्यानं वरातीला नाही म्हणायचं नाही; नाही म्हटलं की पिढ्यान्पिढ्यांचं वैर. आणि आप्पांना नाही म्हणायचं होतंच कुठं! चैत्र लागला तशी गाडी आज या गावाला, उद्या त्या. परत आली की आक्का बादली घेऊन बैठकीवरची हळद घासायची, फटीत अडकलेल्या अक्षता काढायची आणि गावातल्या एकूण एक नवऱ्यांचा उद्धार करायची. सोनूच्या पाटल्यांवर दुसऱ्यांच्या लेकी मिरवत होत्या. हे तिनं तोंडानं कधी म्हटलं नाही. मला त्या वयातही कळत होतं. आप्पांना कळलं नाही.

वैशाखात एका संध्याकाळी आईला वेळेआधी कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात टेकले, म्हणाली, बेळगावला न्या. गाडी गावातल्याच एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलाच्या वरातीला गेली होती. आमचा निम्मा माल तेच उचलायचे. आप्पा उंबऱ्यात उभे राहून घाम पुसत म्हणाले, "वरात निघाली असंल आता. देवळापतुर जाऊन येऊ दे, मग बोलवून घेतो." आक्का यावर काहीच बोलली नाही. पदर खोचला आणि निघाली. तिची ती चुप्पी बघून मी मागोमाग धावले.

विधवेनं वरातीच्या बोळात उभंसुद्धा राहू नये असे ते दिवस. आक्का वाजंत्र्यांमधून सरळ आत शिरली आणि मोटारीच्या पुढं जाऊन उभी राहिली. वाजंत्री थांबली. बायका किंचाळल्या, कुणीतरी "पांढऱ्या कपाळाची" म्हणून ओरडलं. तिनं तिकडं बघितलंही नाही. नवऱ्या मुलाला म्हणाली, "उतर बाळा खाली. तुझी बायकू उद्या बी तुझीच हाय. माझी भावजय उद्या न्हाय मिळायची." तो पोरगा बिचारा चांगला. मुंडावळ्या सावरत उतरला, नवरीला हात देऊन उतरवलं. मग आक्का ड्रायव्हरवर अशी काही कडाडली की तो हार न काढताच निघाला.

बैठकीवर आई मावेना. तिचे पाय दारावरून बाहेर आणि डोकं आक्काच्या मांडीवर. आक्का स्वतः बैठकीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. फुलांच्या माळा वाऱ्यावर आईच्या तोंडावर आपटत होत्या, त्या आक्का एका हातानं तोडून रस्त्यावर फेकत होती, असं ड्रायव्हर नंतर सांगायचा. गाडी घाटात तापून बंद पडली. आक्कानं आईसाठी घेतलेल्या कळशीतलं पाणी गाडीला पाजलं आणि घाट चढेपर्यंत त्या मोटारीला शिव्या दिल्या. आई वाचली. माझा भाऊही वाचला.

आणि मग व्यापाऱ्याकडची मंडळी आमच्या घरी बैठक मारून बसली. वरात अडवली, अपशकुन केला, बाईनं माफी मागावी. आई तेव्हा शहापूरला माहेरी होती. आप्पा आत येऊन आक्काला म्हणाले, "तोंडदेखलं म्हण की. धंद्याचं बघाय नको व्हय?"

"चुकलं असतं तर म्हटलं असतं," आक्का म्हणाली. ट्रंक भरली आणि कंग्राळीला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीची वाट बघत रस्त्यावर जाऊन बसली. तिच्या पाटल्यांची गाडी दारात उभी होती. आप्पांनी तिला थांबवलं नाही की गाडीतून सोडलंही नाही. पाहुण्यांना चहा दिला.

पुढं ती गाडी विकून आप्पांनी कुणा डॉक्टरची बंद मोटार घेतली आणि आम्हा सगळ्यांना घेऊन कंग्राळीला गेले. आक्का शेतातून आली. फेरी मारली, दार उघडून लावून बघितलं, टपावर तांब्याभर पाणी ओतलं. मग चिखलाच्या पायांनी मागं चढून सरळ आडवी झाली आणि डोळे मिटले. इतका वेळ पडून राहिली की आई घाबरून हाका मारायला लागली. "मावतंय," उठून ती म्हणाली. भावाच्या तोंडावरून हात फिरवला.

"चल की घरी," आप्पा म्हणाले.

"गाडी चांगली हाय. त्या घरात मी न्हाय येत." आणि ड्रायव्हरकडे वळून, "वरातीला नेलीस तर टायर फोडीन बघ."

ती आली नाही. दोन पावसाळ्यांनी कंग्राळीतच गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मला त्याच मोटारीतून बेळगावला नेलं. मागच्या बैठकीवर मी पाय पसरून निजले होते. पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पा, आता म्हातारे झालेले. तवंदीचा घाट लागला तशी त्यांनी मान वळवली आणि घाट चढेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "पोरी, पाय आखडत न्हाईत न्हवं?"

मी पाय आणखी पसरले. तो प्रश्न त्यांचा नव्हता.