नाटकातला मनियार

नाव: अब्दुल गनी. वय: आधार कार्डाप्रमाणे बहात्तर. व्यवसाय: मनियार, म्हणजे बांगड्या भरणे. शारीरिक खूण: उजव्या हातावर काच लागल्याचे व्रण, संख्या मोजलेली नाही. सार्वजनिक कार्य: चिखली तालुक्यातल्या आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे प्रशिक्षक, नेमणुकीचा कागद उपलब्ध नाही.

नाटक एकच, आणि दरवर्षी यात्रेत तेच. साठ वर्षांपूर्वी गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं, एकवीस पदांचं. कोकिळा नावाच्या मुलीवर जीव जडलेला नायक मनियाराच्या वेषात तिच्या घरात शिरतो आणि बापासमोर तिचा हात हातात घेऊन गातो. संवाद गावाला पाठ आहेत, तरी मंडप भरतो. प्रेक्षकांना सगळं ठाऊक आणि बापाला काहीच नाही, हे माणसाला दरवर्षी नव्याने आवडतं. त्या पदात बांगडी मात्र खरोखर भरावी लागते, न फोडता. ते गनीचाचा शिकवतात. पाच नायक त्यांच्या हाताखालून गेले.

"ढकलू नको बे! अंगठ्याखाली दाब अन् पोरीच्या तोंडाकडं पाह्य. बांगडी आपोआप जाते."

यात्रेत पिंपळाखाली त्यांचं दुकान हयातभर लागलं. यंदा यात्रा कमिटीनं फलक लावला: बाहेरच्या विक्रेत्यांस जागा मिळणार नाही. फलकावर धर्माचा उल्लेख नव्हता. जागा गेल्या त्या तिघांच्या: चाचांची, त्यांच्या भाच्याची आणि रोहिणखेडच्या अत्तरवाल्याची.

दोन दिवसांनी ज्ञानेश्वर घरी आला. यंदाचा नायक तो, आणि कमिटीचा सचिवही तोच.

"चाचा, बांगड्यांची पेटी पाह्यजे होती. अन् तुमची टोपी. बाजारातली घातली की सोंग वाटते."

"माह्या जागेचं काय झालं, ज्ञानू?"

"ते माह्या हातात नाही, चाचा. कमिटीचं ठरलं."

"कमिटीत कोण हाये?"

ज्ञानेश्वरनं पेटीचं झाकण उघडून बांगड्या पाहिल्या. मग म्हणाला, "तुमी नाटक पाहाले या ना. पुढची खुर्ची ठेवतो."

आतून अमीनाचाची बोलल्या, "देऊन टाका जी. तो मनियार झाला त त्याले तरी बसू देतीन."

चाचांनी पेटी दिली. टोपी धुऊन दिली.

प्रयोग रंगला. नोकर नायकाला दारात अडवतो, तेव्हा कोकिळेचा बाप ओरडतो, "अरे, मनियाराले कोणी अडवते का?" टाळ्या यंदाही तिथंच पडल्या. वन्स मोअर मिळाला, वाक्य दोनदा झालं. चाचांनी दोन्ही वेळा घरातूनच ऐकलं. घर मंडपापासून पंचेचाळीस पावलांवर आहे.