गळालेलं भात

वेल्ह्याच्या एसटीत विंझरला एक म्हातारबुवा चढायचे आणि नेमके माझ्याच शेजारी बसायचे. गोणपाटात गुंडाळलेला विळा मांडीवर, कोपर माझ्या बरगडीत. मग सुरू, "आमचा मूळपुरुष मावळा. लावणी उरकली की तलवार घिऊन गडावर!" रोज तेच. माझे कान किटले होते.

एकदा म्हणाले, ऐन लढाईत तो मावळा घरी आला होता. मी वैतागून म्हणालो, "म्हणजे पळालाच की, बाबा!"

ते चिडले नाहीत. "भात पिकलं हुतं. गेलेला गड परत घेता येतो. गळालेलं भात येतंय व्हय परत?"

आणि थांबा नसताना त्यांनी गाडी थांबवली. त्यांचं पिवळं झालेलं खाचर आलं होतं; विळा सावरत ते सावकाश उतरू लागले. अख्खी गाडी खोळंबली, पण घड्याळात बघत होतो मी एकटाच. बाकी सगळे भाताकडे.