वडिलांच्या वस्तऱ्याची धार

रविवार, ११ जानेवारी २०२६, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. एवढे मी वहीत लिहिले आणि मगच वडिलांच्या गालाला फेस लावला.

अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला होता. इस्पितळातून वाशीला परतून तीन आठवडे झाले, तरी ते उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. ते निवृत्त शिक्षक; दाढी वाढलेल्या तोंडाने चौकात जात नसत आणि दुसऱ्याच्या हाती गळाही देत नसत. माझ्या हाती दिला, कारण मी पदार्थविज्ञान शिकलेली होते आणि ‘मी शिकते’ असे ठामपणे म्हणाले होते.

चौकातल्या सलूनवाल्या काकांनी आदल्या दिवशी मला वस्तऱ्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा वापरून दाखवला होता. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. कोन किती अंशांचा, असे मी विचारले.

“कोन न्हाय म्हाईत, ताई. पाठ उचलू नका, बास.”

उत्तर मला अपुरे वाटले. दगडावर धार पुढे ठेवून घासतात, हे मी वाचले होते; पट्ट्यावरही तसेच केले आणि पाठ थोडी उचलली, तर कमी फेऱ्यांत काम होईल, असा मी हिशेब मांडला आणि घरी वस्तरा तसाच घासला. दगड दबत नाही, चामडे दबते आणि पुढे ठेवलेली धार त्यात रुतून बोथट होते. ही गोष्ट मला तरी कुणी सांगायला नको होती.

वस्तरा पहिल्याच ओढीला अडला. मी दाब वाढवला. हनुवटीखाली रक्त आले, पुन्हा आले. तुरटी फिरवली तेव्हा वडिलांनी फक्त डोळे मिटले. वहीत मी जखमांचा आकडा मांडला आणि ‘कारण’ या रकान्यात लिहिले: मान हलली. ती हलली नव्हती. वही त्यांच्या मांडीजवळ उघडीच पडली होती.

तरीही ते त्याच सकाळी चौकात निघाले, हनुवटीला कापूस लावून, माझ्या खांद्यावर भार देऊन. पुन्हा धार लावून घ्यायला वस्तरा मी सोबत घेतला होता. सलूनवाल्या काकांनी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि कापसाकडे पाहून, हे काय झाले, असे विचारले.

“मीच मान हलवली,” वडील म्हणाले. “पोरीचा हात चांगलाय.”

काकांनी वस्तरा अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला.

“मान हालली म्हणून धार मरत न्हाय, गुरुजी.”

दोघांपैकी कुणीही माझ्याकडे पाहिले नाही. बोलायला मला तेवढी सवड दिली गेली होती. ती मी चहा निववण्यात घालवली.

घरी येऊन मी ‘कारण’ खोडले आणि लिहिले: पट्ट्यावर धार पुढे ठेवली, मी. ते वडिलांना वाचून दाखवायचे होते, दाखवले नाही. आता दाढी मीच करते, पाठ न उचलता. त्या वहीत मात्र पुढे काही लिहिलेले नाही. शेवटची नोंद तीच, जखमा: ४.